वेळासची वाट

मे महिना लागला की बेळगावातून गाड्यांची रांग दोन दिशांना निघते. एक चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे, दुसरी आंबोलीमार्गे सावंतवाडी-मालवणकडे. शनिवारी पहाटे निघायचे, रविवारी रात्री परतायचे आणि सोमवारी कचेरीत डोळे चोळत बसायचे. येताना पिशवीत काजू असतात, कोकम असते, चपलांत वाळू असते. आपण तिथून काय आणले हे सगळे सांगतात. तिथे काय ठेवून आलो, हे सहसा कुणी सांगत नाही. कारण ते कुणी पाहिलेलेच नसते.

हा लेख त्या न पाहिलेल्या गोष्टीविषयी आहे. त्यासाठी मला वाचकांना आपल्या नेहमीच्या वाटेवरून थोडे आडवाटेला न्यायचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्रीच्या खाडीच्या मुखाजवळ, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे एक लहान गाव आहे. तिथे गेल्या वीस-बावीस वर्षांत जे घडले त्याला इतिहास म्हणावे इतके ते जुने नाही. पण त्याची मुळे जुन्या इतिहासात आहेत, आणि त्यातून निघणारा प्रश्न आपल्या सीमाभागाच्या दाराशी येऊन उभा आहे.

पाहुणा उतरायचा कुठे?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ‘पर्यटन’ हा शब्द ठाऊक नव्हता. माणसे हिंडत मात्र आपल्यापेक्षा कमी नव्हती. सौंदत्तीच्या यल्लमाला बैलगाड्या जुंपून जात, नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जात, गोकर्णाला जात, पंढरीला चालत जात. या प्रवासाची एक रीत होती. यात्रेकरू उतरे तो कुणाच्या तरी घरी. वाडीला पुजाऱ्यांकडे, गोकर्णाला उपाध्यांकडे. पानात जे पडेल ते जेवायचे, ओसरीवर पथारी टाकायची आणि निघताना यथाशक्ती दक्षिणा ठेवायची. म्हणजे बाहेरून आलेला पैसा थेट एका चुलीपर्यंत पोचत असे. दिंडीच्या वाटेवरच्या गावांत तर पैशाचाही संबंध नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी ठरलेली दिंडी उतरायची.

या रीतीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. यात्रेत पटकीची साथ पसरे आणि माणसे परतीच्या वाटेवर मरत. ओसरी सर्वांना मोकळी नव्हती. कुणाला ओसरी, कुणाला अंगण आणि कुणाला गावाबाहेरचे झाड, हे जातीवर ठरत असे. म्हणून तर गाडगे महाराजांना पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली आणि १९४७ साली साने गुरुजींना विठ्ठलाच्या दारासाठी उपोषणाला बसावे लागले. पाहुणचाराचा हा काळा भाग विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही एक गोष्ट खरी: पाहुणा घरात उतरत होता, त्यामुळे तो गावाच्या नजरेखाली होता. त्याला गावाची विहीर, गावाचे देऊळ, गावाचा वेळ पाळावा लागे.

ही रीत किनाऱ्यावर कशी बदलली ते पाहायचे तर गोव्याकडे पाहावे. १९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात कळंगुट-हणजुणेच्या किनाऱ्यावर पाश्चात्त्य हिप्पी आले. ते बहुतेक मच्छीमारांच्या, रेंदेरांच्या घरांतल्या खोल्या भाड्याने घेऊन राहत. १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्यालगत पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेला आलेल्या राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यात आणले गेले आणि गोव्याचे छायाचित्र जगभर गेले. पुढे परदेशातून थेट भाड्याची विमाने उतरू लागली, तेव्हा १९८७ च्या सुमारास ‘जागृत गोंयकारांची फौज’ने त्या पाहुण्यांविरुद्ध निदर्शने केली. विमानतळाबाहेर झालेल्या त्या निदर्शनांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. पण आंदोलकांचा प्रश्न साधा होता: पाणी कुणाचे, किनारा कुणाचा आणि नफा कुणाचा?

पाहुणा घरातून हॉटेलात गेला तेव्हा तो गावाच्या नजरेतून सुटला, असे मी या इतिहासाचे सार काढतो. त्याने गावाला पैसे दिले नाहीत असे नाही. नोकऱ्या मिळाल्या, टॅक्सी चालल्या, दुकाने चालली. पण गावाचा वेळ पाळण्याची त्याला गरज उरली नाही. उलट गावच त्याचा वेळ पाळू लागले.

रात्री येणारी पाहुणी

या किनाऱ्यावर आणखी एक पाहुणी येत असे आणि आजही येते. तिला मात्र अंधार लागतो.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या भरतीला वाळूवर चढते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून सपाट करते आणि समुद्रात परत जाते. पिलांची आणि तिची भेट कधीच होत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांत वाळूची ऊब अंडी उबवते. नर व्हायचा की मादी हेही त्या उबेवरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. बाहेर पडलेले पिल्लू ज्या दिशेला उजेड त्या दिशेला धावते. माणूस किनाऱ्यावर नव्हता तेव्हा रात्रीचा सर्वांत मोठा उजेड समुद्राच्या बाजूला असे. आज तो हॉटेलांच्या आणि रस्त्याच्या दिव्यांचा असतो, आणि पिल्लू उलट्या दिशेने चालत मरणाकडे जाते. हजार पिलांतून एखादेच मोठे होते, असे जाणकार सांगतात. ते वाचले आणि मादी असेल, तर दहा-पंधरा वर्षांनी ती बहुधा आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या परिसरात अंडी घालायला येते. म्हणजे एखाद्या किनाऱ्यावर दहा-पंधरा वर्षे अंडी लुटली गेली, तर लुटीचा हिशेब दिसायला तितकीच वर्षे जातात. आणि दुरुस्तीचाही.

आपल्या देवळात शिरताना पायाशी दगडी कासव असते. आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. कूर्मावताराची कथा घरोघर सांगितली जाते. पण कोकणच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी सर्रास काढली जात, खाल्ली जात, बाजारात विकली जात. यात पाप-पुण्याचा प्रश्न ओढून आणण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी पावसाळ्याआधी धान्य संपते, त्याला वाळूत शंभर अंडी सापडली तर तो ती आणणारच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण रात्री दोन वाजता वेळासच्या वाळूवर कायदा उभा नसतो; तिथे कोल्हा उभा असतो, कुत्रा उभा असतो आणि गावचा माणूस.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाजवळ, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याने गावकऱ्यांना हाताशी धरून घरट्यांची राखण सुरू केली. दक्षिणेला काणकोणात गालजीबाग आणि आगोंद येथेही तेच झाले. पण मोरजीची वाळू तोवर इतरांच्याही नजरेत आली होती. नव्या शतकात तिथे परदेशी पाहुण्यांचा ओघ लागला, खोपट्यांची उपाहारगृहे, दिवे आणि संगीत आले. शेवटी २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, गालजीबाग आणि आगोंद ही नावे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून वेगळी लिहावी लागली. गोव्यातही अलीकडच्या काही हंगामांत घरटी वाढली आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण तिथे राखण करणाऱ्याला रोज दोन आघाड्यांवर उभे राहावे लागते: एकीकडे कुत्रा-कोल्हा आणि दुसरीकडे गावाचीच कमाई. कारण तिथे कमाई उजेडावर आहे आणि कासव अंधारावर.

वेळासला नेमका हा पेच उलटा सुटला. तिथे कमाई कासवावरच उभी राहिली.

माणसे पाठवणारे गाव

वेळास हे नाव इतिहासाच्या वाचकाला अपरिचित नाही. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर निघाले, तेव्हा वेळासचे भानू बंधू त्यांच्याबरोबर निघाले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि भानूंच्या घराण्यात फडणिशी आली. त्याच घराण्यातला बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना (१७४२ ते १८००), मराठी राज्याचा कारभार पाहता पाहता म्हातारा झाला. वेळासशेजारचा बाणकोटचा किल्ला १७५६ च्या तहाने इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. खाडीच्या मुखावर गोऱ्यांचे निशाण लागले आणि गावची कर्ती माणसे पुण्यात राज्य चालवत होती.

तेव्हापासून हे गाव, आणि खरे तर सारे कोकण, माणसे पाठवत राहिले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि ‘माझा प्रवास’ लिहून ठेवून अमर झाले. तेही अशाच एका कर्जबाजारी घरातून निघाले होते. पुढे मुंबईच्या गिरण्या आल्या आणि चाकरमानी हा शब्द आला. गावात म्हातारी माणसे, बायका आणि पोरे राहिली. घर मनीऑर्डरीवर चालू लागले. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा गावे भरतील असे वाटले होते. पण रेल्वेने तरुणांना मुंबई आणखी जवळ आणून दिली.

तीनशे वर्षे ज्या गावाची वाट एकाच दिशेने, बाहेर, वाहत होती, त्या गावात बाहेरची माणसे मुद्दाम येतील आणि पैसे देऊन त्याच्या ओसरीवर राहतील, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

घरट्याची टरफले

चिपळूणला १९९२ साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली. भाऊ काटदरे हे तिचे प्रवर्तक. २००१ साली या मंडळींनी आपल्या जवळच्याच वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी उघडकीला आणली. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते आणि त्या घरट्याचे सूप परदेशात मोठ्या किमतीला जाते. वनखात्याच्या मदतीने ती चोरी थांबवण्यात आली. वेंगुर्ले हे एके काळी बेळगावचे बंदर. रामघाटाने तिथला माल आपल्या पेठेत यायचा. त्या बंदरासमोर हा प्रकार चालतो हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत होते?

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, समुद्री गरुडांची पाहणी करताना याच मंडळींना वेळासच्या वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की अंडी काढणे हा गावात सर्वांना ठाऊक असलेला प्रकार आहे. इथे दोन वाटा होत्या. एक, पोलीस-वनखात्याला सांगून चार माणसांवर खटला भरणे. दुसरी, ज्यांना घरटी सापडतात त्यांनाच राखणदार करणे. अंडी शोधणाऱ्याइतकी कासवाची पावले कुणाला वाचता येणार? त्यांनी दुसरी वाट धरली. गावातल्या माणसांना मानधन देऊन रात्रीची गस्त सुरू केली. सापडलेली अंडी अलगद उचलून, तितक्याच खोलीच्या आणि तशाच आकाराच्या खड्ड्यात, कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरायची अशी पद्धत बसवली. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २७३४ पिल्ले समुद्रात गेली.

पण मानधनाच्या पैशाचे काय? देणगी वर्षभर येते, दोन वर्षे येते. तिसऱ्या वर्षी देणाऱ्याचा उत्साह दुसरीकडे वळतो. जतनाचा खर्च गावाच्या कमाईतून निघाला तरच ते टिकेल, हे ध्यानात आले आणि २००६ साली पहिला कासव महोत्सव झाला. पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत लोकांनी यावे, गावकऱ्यांच्या घरी राहावे, घरचे जेवावे आणि सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात जाताना पाहावीत. हॉटेल नाही. राहण्या-जेवण्याचा दर ठरवलेला. आलेला पैसा पुन्हा त्याच जुन्या वाटेने थेट चुलीपर्यंत. पुढे संस्था मागे सरली आणि कारभार गाव व वनखाते पाहू लागले. आंजर्ले आणि किनाऱ्यावरच्या आणखी गावांनी हाच कित्ता गिरवला.

यात्रेकरू उपाध्याच्या घरी उतरे, त्याच रीतीचे हे नवे रूप आहे. फक्त दर्शन बदलले, आणि ओसरी पैसे भरणाऱ्या कुणालाही मोकळी झाली. हा दुसरा बदल लहान नाही.

टोपलीखाली काहीच नव्हते

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तिथे गेलो होतो. कऱ्हाड, चिपळूण करीत मंडणगड गाठायचे आणि तिथून खाली समुद्राकडे उतरायचे. गाव माडा-पोफळीच्या वाड्यांत बुडालेले. जिथे उतरलो त्या घरी सोलकढी, कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी. रात्री लवकर दिवे गेले, म्हणजे घालवले.

पहाटे सारे वाळूवर जमले. कुंपणात प्रत्येक घरट्यावर एकेक टोपली पालथी घातलेली. राखणदाराने एक टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळू. सगळ्या टोपल्या झाल्या. एकही पिल्लू नाही. शहरातून आलेले एक गृहस्थ चिडले. “आम्ही एवढे पैसे भरून, रात्रभर गाडी चालवून आलो. काल तरी होती का?”

राखणदार शांतपणे म्हणाला, “काल होती. आज नाहीत. आम्ही बोलावलं तर येत नाहीत हो ती, काका. संध्याकाळी बघू.”

संध्याकाळी एका टोपलीखाली सात निघाली. मुठीएवढीसुद्धा नव्हती. दोरी बांधली होती; तिच्यामागे आम्ही सारे, ते सकाळचे गृहस्थही, श्वास रोखून उभे. एकेक पिल्लू ओल्या वाळूवर रेघ ओढत निघाले. लाट आली, दोघांना घेऊन गेली, तिसऱ्याला उलटे टाकून गेली. राखणदाराने त्याला हात लावला नाही. ते स्वतःच सरळ झाले आणि पुढच्या लाटेत गेले. ते गृहस्थ डोळे पुसत होते. मला वाटते, त्यांच्या पैशाची खरी फेड सकाळच्या रिकाम्या टोपल्यांनीच झाली होती. पाहुण्याने गावाचा वेळ पाळायचा असतो, हे त्यांना आणि मलाही तिथे शिकायला मिळाले.

शंका आणि संकटे

येथवर कथा गोड झाली. आता तिच्या दुसऱ्या बाजू पाहू.

पहिली शंका शास्त्रज्ञांचीच आहे. अंडी उचलून दुसरीकडे पुरणे हा नाइलाजाचा उपाय आहे. शक्य असेल तिथे घरटे जागेवरच राखावे, असे त्यांचे म्हणणे. उचलण्यात उशीर झाला, धक्का लागला तर गर्भ मरतो. कुंपणातली वाळू अधिक तापली तर सगळ्या माद्याच निपजतात. शिवाय पाहण्यासाठी माणसे थांबली आहेत म्हणून पिल्लांना थांबवून ठेवणे म्हणजे त्यांच्या अंगातली पहिल्या दिवसाची ताकद वाया घालवणे. महोत्सव कासवासाठी की कासव महोत्सवासाठी, हा प्रश्न दर हंगामात नव्याने विचारावा लागतो.

दुसरी शंका घराची. पाहुणे आले की चूल कोण फुंकते? घरची बाई. पहाटे चारला उठून वीस माणसांचे पोहे, दुपारी जेवण, रात्री पुन्हा जेवण. पैसा घरात येतो हे खरे, पण तो कुणाच्या हातात येतो यावर सारे अवलंबून आहे. आणि गाव म्हणजे एक घर नव्हे. त्यात वाड्या असतात. ज्याला मोठी ओसरी आणि चांगले न्हाणीघर आहे त्याच्याकडे पाहुणा उतरतो. ज्याला एक खोली आहे त्याच्याकडे कोण उतरणार? जुन्या ओसरीचा प्रश्न नव्या वेषात पुन्हा उभा राहतो.

तिसरे संकट २०२० साली आले. मार्चमध्ये, ऐन हंगामात, टाळेबंदीने वाटा बंद झाल्या. आणि ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात कौले उडाली आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. ज्या घराला बागेचाही आधार गेला आणि पाहुण्याचाही, त्या घराने काय करायचे? एकट्या पर्यटनावर गाव तोलून धरू नये, तो वरकमाईचा जोडधंदाच असावा, हा त्या वर्षाचा धडा.

चौथे संकट अजून यायचे आहे, आणि ते सुखाच्या रूपाने येईल. रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग किनाऱ्याने आखलेला आहे. आडवाट होती म्हणून वेळास वाचले. वाट रुंद झाली की गाड्या येतील, गाड्यांमागून जमिनीचे दलाल येतील, आणि मग वेळासचे मोरजी व्हायला किती वर्षे लागतील? गावाने रस्ता नको म्हणावे असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला मंडणगडला नेताना आडवाटेचे कौतुक कुणाला नसते. पण रस्त्याच्या आधी गावाचे नियम पक्के झालेले असावेत, इतकेच.

वाट कुठवर जाते

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालायला आलेल्या एका कासवीच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारे यंत्र बसवले गेले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. त्या हंगामात आणखी चौघींना यंत्रे बसली. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळसा घालून श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला एक कासवी अंडी घालताना दिसली, तिच्या पायाला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर अडकवलेला बिल्ला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, असा जो समज होता त्याला तिने सरळ छेद दिला. वेळासच्या वाळूवर राखलेले अंडे ही एकट्या वेळासची मिळकत नाही, हे त्या बिल्ल्याने सिद्ध केले.

आता आपल्या दाराशी येऊ. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. होडी त्यांची, वल्हे त्यांचे, पैसा त्यांच्या हातात. बेळगावहून सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे पोचतो. मालवणला जाताना दोन तास तिथे थांबायला आपल्याला काय हरकत आहे?

आणि दुसरे उदाहरण खानापूर तालुक्यातले. भीमगडच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १९१३ साली शास्त्राला प्रथम माहीत झालेले रॉटनचे वटवाघूळ तिथलेच. पुढची कित्येक वर्षे साऱ्या जगात त्याची तेवढीच एक वस्ती ठाऊक होती. आज ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले आहे, पण दुर्मीळपण संपलेले नाही. २०११ साली भीमगड अभयारण्य झाले. रानातल्या मराठी बोलणाऱ्या वाड्यांना आता बाहेर येण्याचा मोबदला देऊ केला जात आहे. त्या वटवाघळांचे दर्शन घेण्याचा कुणी मला मार्ग विचारला, तर मी सांगेन की जाऊ नका. गुहेत विजेरी घेऊन शिरलेला माणूस त्या वस्तीचा शत्रूच. काही ठिकाणी न जाणे हीच सर्वांत चांगली यात्रा असते. पण तळेवाडीच्या, गवाळीच्या, कोंगळ्याच्या माणसांकडे रानाचे जे ज्ञान आहे, ते त्यांच्या स्थलांतराबरोबर कायमचे जाणार आहे. वेळासला अंडी काढणारा हात राखणदार झाला. इथे तसे काही करता आले असते का, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. कारण आपल्या गाड्या चोर्ल्याने खाली उतरत असताना कणकुंबीला फार तर चहाला थांबतात.

येत्या मे महिन्यात त्या गाड्या पुन्हा निघतील. त्यातली एखादी जरी कुणाच्या ओसरीवर थांबली, घरच्या बाईच्या हातात पैसे देऊन तिच्याच हातचे जेवली, रात्री तिने सांगितले तेव्हा दिवा मालवला आणि पहाटेच्या रिकाम्या टोपलीबद्दल तक्रार न करता परत आली, तर तिथे काय ठेवून आलो हे तिला सांगता येईल.